बुंध्याशी बसून पाहताना



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. प्रॅक्टिकलला एखाद्यानं नमुना हातात घेतल्या घेतल्या लॅटिन नाव सांगितलं, की सर म्हणायचे, "नाव राहू दे. दिसलं काय, ते सांग." मग रंग सांगायचा, वास सांगायचा, नख रुततं का ते सांगायचं. त्या वयात मला तो वेळकाढूपणा वाटे. पुढं माझी सगळी नोकरी हिमालयात, चीड आणि कैल या पाइनच्या आजारी झाडांखाली गेली आणि सरांचं ते वाक्य मला जवळजवळ रोज लागलं.

आजचा विषय ऐकायला लांबचा आहे. पाइनची झाडं आपल्या सह्याद्रीतली नव्हेत. त्यांच्या खोडांवर येणाऱ्या बुरशींशी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो माझ्या आजीच्या बटव्यात होता. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक, तपकिरी अळंबी येते. तिला फणसोंबा म्हणतात, कुठं फणसअळंबंही म्हणतात. तान्ह्या पोराच्या तोंडात चट्टे आले, लाळ फार गळू लागली, की आजी फणसोंब्याचा तुकडा सहाणेवर उगाळून बोटानं हिरड्यांना लावायची. हा फणसोंबा शास्त्रात फेलिनस या प्रजातीत मोडतो. हिमालयातल्या कैलचा गाभा खाणारी जी बुरशी मी पुढं आयुष्यभर पाहिली, तीही कित्येक वर्षं याच फेलिनसमध्ये गणली जात होती. आता तिला पोरोडिडॅलिया पायनी म्हणतात. नावं वेगळी झाली, कूळ एकच राहिलं.

आधी झाडांची ओळख करून देतो. चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात, कैलच्या पाच-पाचच्या. चीड खालच्या उन्हाळ उतारांवर वाढतो, कैल त्याच्या वर, थंडीत. चिडाला लिसा काढण्यासाठी खाचा पाडतात. लिसा म्हणजे त्याची राळ, जिच्यापासून टर्पेंटाइन होतं. खाली पडलेल्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, थर एप्रिल-मेमध्ये पेट घेतो आणि राळेनं माखलेला बुंधा त्या आगीत सोलून निघतो. कैलच्या फांद्या लोक गुरांखाली अंथरायला तोडतात. खाच, आगीचा व्रण, तोडलेल्या फांदीचा खुंट : बुरशीला आत शिरायचे दरवाजे हेच. निरोगी पाइन जखम झाली की राळ ओतून ती बुजवतो. ज्या झाडाच्या अंगात तेवढी राळ उरत नाही, त्याचं दार उघडं राहतं.

आता मी केलेल्या चुकीबद्दल सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्या चुकीतून आलं आहे.

शिमल्याजवळ साधारण 1800 मीटर उंचीवर एक गाव आहे. तिथं चीड संपत येतो आणि कैल सुरू होतो. गावच्या शाळेमागं दोन झाडं होती, एक कैल आणि एक चीड. दोन्हींचे शेंडे विरळ झालेले, सुया पिवळट. पावसाळ्यापूर्वी ती पाडायची की ठेवायची, हे सांगायला मला बोलावलं होतं. मे महिना होता. कैलवर आठेक मीटर उंचीला, जुन्या फांदीच्या खुंटाशी, घोड्याच्या खुराएवढी काळपट अळंबी होती. तिच्या वर एक, खाली एक. दुर्बिणीतून मला कडेची सोनेरी-तपकिरी मखमल दिसली आणि मी लगेच नाव सांगितलं. चिडाच्या बुंध्याला आगीचा जुना व्रण होता, लिशाच्या खाचाही होत्या, पण खोडावर अळंबी कुठंच दिसली नाही. झाडापासून दोन पावलांवर गवतात वाळलेल्या शेणाच्या पोसारखं काहीतरी पडलं होतं. मी ते बुटानं बाजूला सारलं. शेजारून गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाई थांबून म्हणाल्या, "गोबर है, बेटा." मी मान हलवली.

कैल पाडा, चीड राहू द्या, असा अहवाल मी दिला.

कैल पाडला तेव्हा मी तिथं होतो. खालच्या पाच मीटरांचं लाकूड टणक होतं, वास राळेचा, आवाज खणखणीत. कूज वर होती, जिथं अळंबी होत्या त्याच्या आसपासच्या काही मीटरांत, आणि तिथंही बाहेरचा जाड वेढा शाबूत होता. ते झाड आणखी कित्येक पावसाळे उभं राहिलं असतं. चीड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रात्री पडला. शाळेच्या लाकडं ठेवायच्या छपरावर पडला आणि रात्र होती म्हणून कुणाला इजा झाली नाही. मी सकाळी गेलो. मुळं ओढून उपटलेली नव्हती, बुंध्याजवळच काडकन तुटली होती. तुटलेल्या टोकांतलं लाकूड तपकिरी, चौकोनी ढेकळांत फुटलेलं होतं. एक ढेकूळ बोटांत धरलं तर त्याची पूड झाली. आणि बाजूला गवतात, जिथं मी मे महिन्यात "शेण" सारलं होतं तिथंच, नवं काहीतरी उगवलं होतं : बशीएवढं, मऊ केसाळ, मध्ये गंजासारखं तपकिरी आणि कडेला हळदीसारखं पिवळं.

ती फिओलस श्वाइनिट्झाय. एलियास फ्रीस यांनी 1821 मध्ये अमेरिकी बुरशीतज्ज्ञ श्वाइनिट्झ यांचं नाव तिला दिलं. ती दर वर्षी नवी येते, बहुधा बुंध्याशी, आणि पुष्कळदा झाडापासून दूर जमिनीतून, कारण ती मुळातून वर येते. ताजी असताना तिचं रूप डोळ्यांत भरतं. जुनी झाली, वाळली, की हुबेहूब शेणाचा पो. त्या बाई तिला शेण म्हणाल्या यात त्यांची काही चूक नव्हती. ते ओळखायचा पगार मला मिळत होता.

दोन झाडं, दोन बुरशी आणि दोन्ही निकाल उलटे. का, हे समजायला लाकूड कशाचं असतं ते पाहू. कोकणातली कुडाची भिंत आठवा. आत उभ्या-आडव्या काठ्या, वरून माती-शेणाचं लिंपण. लाकडाच्या पेशीची भिंतही साधारण तशीच असते. सेल्युलोज म्हणजे काठ्या, लिग्निन म्हणजे लिंपण. काही बुरशी लिंपण खातात. त्यांच्या मागं पांढरे, तंतुमय धागे उरतात, म्हणून त्या कुजेला पांढरी कूज म्हणतात. काही बुरशी काठ्याच खातात आणि लिंपण सोडून देतात. काठ्या गेलेल्या भिंतीचं लिंपण सुकून भेगाळतं तसं ते लाकूड उभ्या-आडव्या चिरांनी चौकोनी फुटतं. ही तपकिरी कूज. या कुजेत लाकडाचं वजन थोडंसं घटतं तोवर त्याची ताकद बरीच गेलेली असते. वरून पाहणाऱ्याला बुंधा जाड दिसतो, पण आतल्या काठ्या संपलेल्या असतात. शाळेमागच्या चिडाचं हेच झालं होतं.

कैलच्या बुरशीचं वागणं निराळं. ती गाभ्यात राहते आणि लिग्निन खाते, पण सगळीकडे नाही, छोट्या-छोट्या कप्प्यांत. लालसर टणक लाकडात तांदळाच्या दाण्यासारखे लांबट पांढरे कप्पे दिसतात. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. कप्प्यांमधलं लाकूड बराच काळ मजबूत राहतं. शिवाय ही कूज वर, फांद्यांच्या खुंटांपाशी सुरू होते. म्हणून जी अळंबी लांबून दिसते, जिच्याकडे गावकरी बोट दाखवतात, ती बहुतेक वेळा तितकी घातक नसते. घातक बुरशी गवतात, पिरूलखाली, पायांशी असते. उभ्या-उभ्या खोड न्याहाळून अहवाल लिहिणाऱ्याला ती सापडत नाही. बुंध्याशी बसावं लागतं, सुयांचा थर हातांनी बाजूला करावा लागतो, मुळांच्या काखांत बोटं घालावी लागतात.

या कैल-बुरशीच्या नावाचा प्रवास लांब आहे. ब्रोतेरो या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञानं 1804 मध्ये तिला बोलेटस पायनी म्हटलं. मग ती ट्रॅमेटिस झाली, फोमिस झाली, फेलिनस झाली, शेवटी पोरोडिडॅलिया. जुन्या वनखात्याच्या फायली वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर एकाच चोराला पाच चोर समजण्याची वेळ येते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले आर. एस. होल यांनी 1914 मध्ये भारतातल्या या बुरशीवर स्वतंत्र लेखन केलं, तेव्हा ती ट्रॅमेटिस पायनी होती. त्याच संस्थेतले बी. के. बक्षी यांचं भारतीय पॉलिपोरांवरचं, म्हणजे खालून छिद्रं असलेल्या बुरशींवरचं, पुस्तक 1971 मध्ये आलं. माझ्या प्रतीची शिवण दोनदा करून घ्यावी लागली.

पण या शास्त्राचा पाया जर्मनीत पडला, एका बाप-लेकाच्या घरात. थिओडोर हार्टिग यांनी 1833 मध्ये कुजक्या लाकडात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहिले. पाहिले अगदी नीट, अर्थ मात्र उलटा लावला. झाड कुजतं आणि त्या कुजलेल्या लाकडातून हे तंतू आपोआप तयार होतात, असं त्यांचं मत होतं. त्या काळी ते मत विचित्र नव्हतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट हार्टिग यानं चाळीस वर्षांनी तेच तंतू पुन्हा पाहिले, पण तो लाकडापाशी थांबला नाही. कुजक्या लाकडातले तंतू साल भेदून बाहेरच्या अळंबीपर्यंत अखंड जातात, हे त्यानं दाखवलं. 1874 च्या त्याच्या ग्रंथात ट्रॅमेटिस पायनी आहे, मुळांवरची हेटेरोबॅसिडिऑन दुसऱ्या नावानं आहे. बुरशी कुजेतून जन्मत नाही, कूज बुरशीतून जन्मते. आज शाळेतलं पोरगंही हे सांगेल. वडिलांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्याचा अर्थ मुलानं फिरवला आणि अख्खं वनरोगशास्त्र उभं राहिलं. मला या गोष्टीत नेहमी एक हळवी जागा जाणवते. वडिलांचं निरीक्षण खोटं ठरलं नाही, ते मुलाच्या कामी आलं.

हेटेरोबॅसिडिऑनचं नाव आलं आहे, तर तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लावलेल्या पाइनच्या वनांत हिच्याइतकं नुकसान क्वचितच कुणी केलं असेल. ही बुंध्याच्या अगदी तळाशी, पाचोळ्याखाली दडते. वरचा पापुद्रा तपकिरी, कड पांढरी, खालची छिद्रं हस्तिदंती. इंग्लंडमध्ये थेटफर्डच्या रेताड माळावर 1922 पासून पाइनची लागवड झाली. झाडं मोठी झाली, विरळणीसाठी मधली-मधली तोडली, आणि तोडलेल्या खुंटांभोवती उभी झाडं घोळक्यानं मरू लागली. केंब्रिजचे जॉन रिशबेथ यांनी हे कोडं सोडवलं. बुरशीचे बीजाणू हवेतून येऊन ताज्या कापलेल्या खुंटावर पडतात, खुंटातून मुळांत उतरतात आणि जिथं एका झाडाची मुळं दुसऱ्याच्या मुळांना टेकतात तिथून पुढच्या झाडात जातात. म्हणजे वनाच्या भल्यासाठी केलेली विरळणीच रोगाला वाट करून देत होती. यावर रिशबेथ यांचा उपाय मला आजही थक्क करतो. त्यांनी ताज्या खुंटावर दुसरीच एक बुरशी लावली, पेनिओफोरा जायगँटिया, जी फक्त मेलेलं लाकूड खाते. तिनं खुंट आधी व्यापला की हेटेरोबॅसिडिऑनला जागा उरत नाही. हे काम 1963 मध्ये प्रसिद्ध झालं आणि युरोपातल्या वनांत आजही खुंटांवर हाच लेप देतात.

हेटेरोबॅसिडिऑनची एक जात उत्तर अमेरिकेतली. 2004 मध्ये ती रोमजवळच्या कास्तेलपोर्झियानोच्या वनात, छत्रीसारख्या इटालियन पाइनवर सापडली. महासागर ओलांडून ती आली कशी? दुसऱ्या महायुद्धात 1944 मध्ये अमेरिकी फौजांचा तळ त्या भागात होता, त्यांच्याबरोबर आलेल्या लाकडी सामानातून ती उतरली असावी, असं संशोधक मानतात. साठ वर्षं ती तिथं होती आणि तिला तिथलीच जात समजलं गेलं. वरवरचं रूप पुरत नाही आणि डीएनए तपासावा लागतो, तो अशा वेळी.

तुम्ही म्हणाल, हा माणूस बुरशीला नुसता चोर ठरवतो आहे. तसं नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात लाँगलीफ पाइनची वनं होती, एके काळी सुमारे नऊ कोटी एकरांवर. आज त्यातला अगदी थोडा हिस्सा उरला आहे. त्या वनातला एक छोटा सुतारपक्षी जिवंत पाइनमध्ये ढोली कोरतो. इतर सुतारपक्षी मेलेलं लाकूड पाहतात, हा जिवंत झाड घेतो. जिवंत पाइनचं लाकूड कठीण आणि राळेनं भरलेलं. मग तो शोधतो तो म्हातारा पाइन, ज्याचा गाभा आपल्या या कैल-बुरशीच्याच जातीनं मऊ केला आहे. तरीही एका ढोलीला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. ढोलीभोवती तो बारीक भोकं पाडून ठेवतो, त्यांतून राळ ओघळते आणि खोडावर चढणाऱ्या सापाला ती सोसत नाही. 1970 मध्ये तो संकटग्रस्त ठरला, कारण म्हातारी, कुजक्या गाभ्याची झाडं माणसानं आधीच काढून टाकली होती. तीच बुरशी लाकूडतोड्याला नुकसान वाटते आणि त्या पक्ष्याला घर मिळवून देते. शाळेमागचा तो कैल मी पाडायला लावला तेव्हा त्याच्या वरच्या खुंटात एक रिकामी ढोली निघाली होती. कुणाची, ते मला ओळखता आलं नाही.

आता ज्या बुरशींवर विनाकारण आळ येतो त्यांच्याबद्दल. सुकलेल्या पाइनच्या सालीवर ओळीनं पातळ पापुद्रे दिसतात, वर करडे, खाली जांभळे. ती ट्रायकॅप्टम. झाड मेल्यानंतर बाहेरच्या कोवळ्या लाकडात ती येते. तिला पाहून "या बुरशीनं झाड मारलं" म्हणणं म्हणजे अंत्ययात्रेला आलेल्या माणसाला खुनी ठरवणं. तसाच निळा डाग. भुंगेरे साल पोखरतात तेव्हा त्यांच्यासोबत एक बुरशी येते आणि लाकूड निळसर-करडं होतं. ती पेशीतली साखर खाते, पेशीची भिंत नाही. लाकडाची किंमत पडते, ताकद तितकी पडत नाही. लाल पट्ट्याची फोमिटॉप्सिस मात्र नीट पाहायला हवी, कारण ती बहुतेक मेलेल्या लाकडावर येते, पण कधी जिवंत झाडाच्या जुन्या जखमेतही बसते. तिच्या चकचकीत कवचाशी आगपेटीची काडी नेली तर कवच वितळतं. अशा साध्या खुणा शेतातल्या माणसालाही शिकवता येतात.

आणि वास. याबद्दल पुस्तकं फार थोडं सांगतात. फिओलसनं कुजवलेल्या लाकडाला टर्पेंटाइनचा उग्र वास येतो. फोमिटॉप्सिस ताजी फोडली तर आंबूस वास येतो. बंद खोलीत नमुन्यांची पेटी उघडली की नाकानं पुष्कळ कळतं. आमचा एक जुना वनरक्षक लाकडाचा ढलपा हुंगून सांगायचा आणि तो क्वचितच चुकला.

झाड तपासताना मी नंतर हा क्रम धरला. आधी शेंड्याकडे पाहायचं. सुया कुठून विरळ होतात, वरून की एका बाजूनं? मग झाडाभोवती दोन-तीन मीटरांच्या वर्तुळात गुडघ्यांवर फिरायचं, पिरूल उचलून. पावसाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा यायचंच, कारण मे महिन्यात पुष्कळ बुरशींचं नुसतं वाळकं भूत दिसतं. मग लाकडी हातोड्यानं बुंधा वाजवायचा. आवाज खणखणीत की बद्द? बद्द वाटला तर नळीसारख्या गिरमिटानं गाभ्यापर्यंतची लाकडी काडी बाहेर काढायची आणि पहिली नजर कुजेवर टाकायची, अळंबीवर नंतर. कूज चौकोनी की तंतुमय, कप्प्यांची की सलग? अळंबी फसवते, कूज फारशी फसवत नाही. शेवटी नाव. सरांचा क्रम हाच होता.

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा वाळका संग्रह आहे. त्याला बुरशीतज्ज्ञ आजरेकरांचं नाव दिलं आहे. निवृत्तीनंतर मी तिथल्या कपाटांसमोर बराच वेळ घालवला. कैल-बुरशीच्या कुळातली लाकडी अळंबी पारखायची एक जुनी खूण आहे. तिचा तपकिरी गर फोडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा 5 टक्क्यांचा थेंब टाकायचा. त्या कुळातली असेल तर थेंब पडला तिथं गर क्षणात काळा होतो. घरी आल्यावर मी आजीचा बटवा शोधून काढला. फणसोंब्याचा तुकडा अजून होता, एका बाजूनं सहाणेवर झिजून गुळगुळीत झालेला. मी झिजलेल्या बाजूला थेंब टाकला. काळा झाला, शिमल्याच्या कैलसारखाच.

तो तुकडा आज मी सोबत आणला आहे. व्याख्यान संपल्यावर या टेबलावर चार नमुने मांडून ठेवतो : फणसोंबा, कैलची अळंबी, तांदळाच्या दाण्यासारख्या कप्प्यांचं एक लाकूड आणि शाळेमागच्या त्या चिडाचं चौकोनी ढेकूळ, काचेच्या डबीत. भिंग बाजूला आहे. डबी उघडताना झाकण सावकाश काढा, नाहीतर पूड उडते, आणि उघडलीत तर आधी वास घ्या. इतकी वर्षं झाली, टर्पेंटाइनचा वास अजून गेलेला नाही.